शेगाव ते पंढरपूर: गजानन महाराजांची पालखी कोणत्या वाटेने जाते?

आषाढी वारी म्हटलं की आधी देहू-आळंदीच्या पालख्या आठवतात. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावहून निघणारी संत गजानन महाराजांची पालखी मात्र ७०० किलोमीटरहून अधिक चालते. ज्येष्ठात निघालेले सुमारे ७०० वारकरी महिनाभर चालून आषाढी एकादशीच्या आधी पंढरपूरला पोहोचतात. परतीची वाट सुमारे ५५० किलोमीटरची आहे.

जाताना वाट लांब का?

जाताना पालखी सरळ वाटेने जात नाही. अकोला, पातूर, रिसोडमार्गे ती मराठवाड्यात उतरते आणि पुढे परभणी, परळी, अंबाजोगाई, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर असा वळसा घेते. या वळशावर नर्सी हे नामदेवांचं, गंगाखेड हे जनाबाईंचं, तेर हे गोरोबा काकांचं गाव लागतं. शिवाय औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ ही ज्योतिर्लिंगं आणि तुळजाभवानीचं देऊळही याच वाटेवर आहे.

वाटेवरच्या आख्यायिका

औंढ्याला नामदेवांना कीर्तन थांबवून देवळामागे जायला सांगितलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं, असं सांगतात. परळीचा वैजनाथ आणि अंबाजोगाईची योगेश्वरी यांच्या लग्नाचा मुहूर्त टळला आणि वऱ्हाड दगडाचं झालं, अशी कथा आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं लोकांसाठी खुली केली. त्या धान्याचे पैसे बिदरच्या दरबारात विठू महाराच्या रूपात विठ्ठलानेच भरले, ही कथा तर घराघरांत माहीत आहे.

परतीच्या वाटेवर काय आहे?

परतताना पालखी बार्शी, बीड, जालनामार्गे बुलढाणा जिल्ह्यात येते. आधी जिजाऊंचं जन्मगाव सिंदखेड राजा, मग लोणार. लवणासुराला विष्णूने इथेच मारलं, अशी लोणारची कथा आहे. शास्त्रज्ञांच्या मते हे विवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात तयार झालं. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. २०२० मध्ये लोणार सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. लोणारहून मेहकर, खामगाव करत पालखी शेगावला पोहोचते.

चोखोबा आणि ही वाट

सिंदखेड राजाच्या शेजारच्या देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचं जन्मगाव मानलं जातं. तिथून ते पंढरीच्या ओढीने मंगळवेढ्याला गेले. १३३८ मध्ये तिथे गावकुसाचं काम सुरू असताना भिंत कोसळून त्यांचा मृत्यू झाला. महार म्हणून त्यांना विठ्ठलाच्या देवळात कधीच प्रवेश मिळाला नाही. त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, म्हणजे देवळाबाहेरच आहे. पंढरपूरचं देऊळ दलितांना खुलं व्हावं यासाठी साने गुरुजींनी १९४७ मध्ये उपोषण केलं आणि त्यानंतर दार उघडलं.

औंढ्याच्या कथेत देऊळ भक्ताकडे वळतं आणि दामाजींच्या कथेत देव महाराचं रूप घेतो. पण बुलढाण्याच्या चोखोबांच्या वाट्याला जी बंदी आली, ती उठायला सहाशे वर्षं लागली. आज शेगावचा वारकरी मंगळवेढ्याहून पंढरपूरला पोहोचतो, तेव्हा देवळात जाण्याआधी त्याला चोखोबांची समाधी दिसते.