स्वयंपाकघरातील नळ : मुलाम्याची निवड आणि घरातील पाणी

स्वयंपाकघराचे नूतनीकरण करताना ओट्याचा दगड, फरशी आणि कपाटे यांची निवड अनेक दिवस चालते. नळ मात्र बहुधा अखेरच्या दिवशी, दुकानातील झगमगत्या प्रकाशात पाहून घेतला जातो. चकचकीत क्रोम, सॅटिन या नावाने विकले जाणारे मंद झळाळीचे निकेल, काळा, सोनेरी, जुन्या पितळेच्या छटेचा असे विविध मुलाम्यांचे नळ आज देशभरातील बाजारपेठांत उपलब्ध आहेत. त्यांपैकी कोणता घ्यावा, हे मुख्यतः घरात येणारे पाणी आणि नळ पुसण्याची पद्धत या दोन बाबींवरून ठरविणे इष्ट ठरते. रंगसंगतीचा विचार त्यानंतरचा.

नळाचे अंग बहुतांशी पितळेचे, म्हणजेच तांबे व जस्त यांच्या मिश्रधातूचे असते. गुजरातमधील जामनगर हे शहर पितळी सुट्या भागांच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध आहे. या पितळेवर विद्युतविलेपनाने प्रथम निकेलचा आणि त्यावर क्रोमियमचा थर चढविला जातो. डोळ्यांना दिसणारा क्रोमियमचा थर सामान्यतः अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो. मानवी केसाची जाडी सुमारे ५० ते १०० मायक्रॉन असते, यावरून त्याच्या नाजूकपणाची कल्पना यावी. गंजापासून खरे संरक्षण खालचा निकेलचा थर देतो. म्हणूनच दिसायला हुबेहूब सारख्या असलेल्या दोन नळांपैकी एक अनेक वर्षे टिकतो आणि दुसऱ्यावर अल्पावधीतच ठिपके उमटू लागतात. पितळेऐवजी जस्तप्रधान स्वस्त मिश्रधातू वापरला असल्यास मुलाम्याला फोड येऊन त्याचे पापुद्रे सुटतात. त्याच आकाराचा पितळी नळ हाताला जाणवण्याइतका जड लागतो. ‘आत कोणता धातू आहे’ हा प्रश्न विक्रेत्यास रंगापूर्वी विचारावा, आणि त्याचे उत्तर पावतीवर लिहून घ्यावे.

पाण्याच्या बाबतीत निर्णायक घटक म्हणजे दुष्फेनता. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याविषयीच्या आय.एस. १०५०० या २०१२ च्या मानकानुसार एकूण दुष्फेनतेची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम असून, अन्य स्रोत उपलब्ध नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चालू शकते. या दोन आकड्यांमधील अंतर नळावर स्पष्ट दिसते. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा यांसारख्या जलाशयांतून मिळणारे पावसाचे पाणी तुलनेने मृदू असते. राजस्थानातील किंवा सौराष्ट्रातील अनेक गावांत, तसेच बंगळूरमधील टँकरवर अवलंबून असलेल्या वसाहतींत विंधन विहिरींचे पाणी वापरले जाते आणि त्यात क्षार अधिक असतात. थेंब वाळला की कॅल्शियम व मॅग्नेशियमचे पांढरे वलय मागे उरते. घरातील पाणी कसे आहे हे जाणून घेण्यासाठी प्रयोगशाळाच हवी असे नाही. साबणाला फेस येत नसेल आणि पाणी तापविण्याच्या भांड्याच्या तळाशी पांढरा थर साचत असेल, तर पाणी दुष्फेन आहे असे समजावे.

अशा घरांसाठी मंद झळाळीचे निकेल किंवा स्टेनलेस स्टीलचा सॅटिन पृष्ठभाग सर्वांत सोयीचा. त्यावरील बारीक रेषांमुळे प्रकाश विखुरतो आणि डाग व बोटांचे ठसे चटकन नजरेत भरत नाहीत. चकचकीत क्रोमवर डाग दिसतात, परंतु ओल्या फडक्याने पुसून कोरडे केल्यास ते सहज निघतात. काळा नळ छायाचित्रांत अत्यंत देखणा दिसतो, हे खरे. मात्र दुष्फेन पाण्याच्या घरात त्यावर काही दिवसांतच राखाडी-पांढरी झाक चढते आणि ती घालविण्यासाठी घासणी वापरली की रंगाचा थरच झिजू लागतो. मृदू पाण्याच्या घरात आणि रोज नळ पुसण्याची तयारी असेल तरच काळ्या रंगाचा विचार करावा.

कोकण, गोवा, चेन्नई किंवा विशाखापट्टणम येथील समुद्रालगतच्या घरांत आणखी एका घटकाची भर पडते, ती खाऱ्या हवेची. हवेतील क्लोराइड मुलाम्यातील सूक्ष्म छिद्रांतून खालच्या धातूपर्यंत पोहोचतात. तेथे ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील अधिक टिकाऊ ठरते. नेहमीच्या ३०४ प्रतीत नसलेले दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम त्यात असते.

सोनेरी नळांबाबत ग्राहकांची फसगत होण्याची शक्यता अधिक. एक प्रकार लाखेचा पारदर्शक लेप दिलेल्या पितळेचा असतो. लेप जागोजागी उडाला की नळ कबरा दिसू लागतो. दुसरा प्रकार पीव्हीडी नावाने ओळखला जातो. यात निर्वात कक्षात धातूची वाफ करून टायटॅनियम नायट्राइड किंवा झिर्कोनियम नायट्राइडचा अतिशय कठीण थर बसविला जातो. लोखंडाला भोके पाडणाऱ्या सोनेरी ड्रिलवरही टायटॅनियम नायट्राइडच असते. किंमत जास्त असली तरी सोनेरी रंगच हवा असेल तर हा प्रकार घेणे हिताचे. मुलामा नसलेले नुसते पितळ हा तिसरा पर्याय, पण ते काळवंडणारच. देवघरातील समई घासण्याची ज्या घराला सवय आहे, तेथेच तो शोभतो.

मुलाम्याच्या चर्चेत एक महत्त्वाची गोष्ट दुर्लक्षित राहते. पितळी भांड्याला कल्हई आतून केली जात असे, कारण अन्नाचा संबंध आतील बाजूशी येतो. नळाचा मुलामा बाहेरून असतो आणि पाणी आतील धातूला स्पर्श करून येते. यंत्रावर कापणे सुलभ व्हावे म्हणून पितळेत पारंपरिकरीत्या थोडे शिसे मिसळले जाते. उपरोक्त मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक शिसे नसावे. अमेरिकेत जानेवारी २०१४ पासून नळाच्या पाण्याशी संपर्कात येणाऱ्या भागांत सरासरी ०.२५ टक्क्यांहून अधिक शिसे असण्यास मनाई आहे. लहान मुलांच्या घरात कमी शिशाचे पितळ किंवा स्टेनलेस स्टील निवडणे श्रेयस्कर. पितळी नळ जुना असल्यास रात्रभर साचलेले पहिले पाणी स्वयंपाकास न वापरता भांडी धुण्यास घ्यावे.

सिंक स्टीलचे असेल तर क्रोम आणि सॅटिन दोन्ही त्याच्याशी जुळतात. कपाटाच्या मुठींशी तंतोतंत मेळ घालण्याचा अट्टहास अनावश्यक आहे, कारण एकाच नावाची छटा प्रत्येक उत्पादकाकडे निराळी असते. क्रोमची छटा मात्र बहुतेक सर्वत्र सारखीच असल्याने पुढे एखादा भाग बदलावा लागला तरी विजोडपणा जाणवत नाही.

फरशी व शौचालय साफ करण्याच्या अनेक द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि ते क्रोमियम विरघळविते. अशा द्रावणाचा शिंतोडाही नळावर पडू देऊ नये. विरंजक द्रव स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पाडतो. चिंच, लिंबू आणि पितळ घासण्याची पूड नुसत्या पितळेसाठी ठीक. मुलाम्यासाठी सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ फडके पुरते. नळाच्या तोंडाशी असलेल्या जाळीत क्षार साचून धार वाकडी झाल्यास जाळी काढून काही वेळ पातळ व्हिनेगरमध्ये भिजवावी, नळाच्या अंगावर ते ओतू नये.