सरकारी वसाहतींतील वृक्षसंपदा

नवी दिल्लीची आखणी झाली तेव्हा रस्त्यांबरोबर झाडांचीही आखणी झाली. पूर्वीच्या राजपथाला जांभूळ, जनपथाला अर्जुन, अकबर रोडला चिंच. या सावलीची ख्याती सर्वदूर आहे. दक्षिण दिल्लीतील सरकारी वसाहतींच्या झाडांचा इतिहास मात्र कोणी फारसा लिहिलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर विनय नगर, म्हणजे आजचे सरोजिनी नगर, आणि आसपासच्या वसाहतींत केंद्र सरकारचे कर्मचारी राहावयास आले. त्यांत मराठी बिऱ्हाडे पुष्कळ. आपल्या शाळेचे कितीतरी विद्यार्थी याच क्वार्टरांतून येत. काही झाडे बांधकाम खात्याने लावली, काही रहिवाशांनी. (अंगणात शेवगा दिसला की घर मराठी माणसाचे, असे खुशाल समजावे.) बदली झाली की माणसे जात, झाड पुढच्या बिऱ्हाडाकडे येई. उत्तरेकडच्या भगिनी ज्येष्ठ अमावास्येला वड पूजीत, आपल्याकडच्या पंधरा दिवसांनी पौर्णिमेला; वड बहुधा एकच असे.

२०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अशा सात वसाहतींच्या पुनर्विकासास मंजुरी दिली. त्यासाठी चौदा हजारांहून अधिक झाडे तोडावी लागणार होती. महाराष्ट्रात नागरी वृक्षसंरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. दिल्लीत तो १९९४ मध्ये आला. त्यान्वये तोडीस परवानगी लागते, भरपाई म्हणून रोपेही लावावी लागतात. एका झाडामागे दहा रोपे, हा हिशेब कागदावर उदार वाटतो. परंतु ती रोपे बहुधा शहराच्या कडेला लागतात आणि सावली देण्याजोगी होईपर्यंत एक पिढी शाळेतून बाहेर पडलेली असते. साठ वर्षांच्या कडुनिंबाची तुलना दहा काटक्यांशी करणे मला तरी पटत नाही.

२४ जून २०१८ रोजी सरोजिनी नगरात नागरिकांनी झाडांना मिठ्या मारल्या. दुसऱ्याच दिवशी दिल्ली उच्च न्यायालयात सुनावणी होऊन तोड तात्पुरती थांबली. वटपौर्णिमा त्याच आठवड्यात होती. पुढे मंत्रालयाने आराखडे बदलण्याचे जाहीर केले. नौरोजी नगरातील बहुतेक झाडे मात्र तोवर पडली होती. तेथे आता क्वार्टर नाहीत. व्यापारी कार्यालयांचे मनोरे आहेत.