उत्पादनाचे पुनरागमन (भंडारा जिल्हा)

परदेशी गेलेले उत्पादन आणि त्यावरचा रोजगार पुन्हा मायदेशी आणणे. हा विषय निघाला की अमेरिका-युरोपातून चीनला गेलेले कारखाने आठवतात. भंडारा जिल्ह्याची गोष्ट वेगळी आहे. इथून कारखाना गेला नाही, खनिज गेले, आणि त्यावर करायचे पुढचे सगळे काम त्याच्यासोबत गेले. म्हणून इथे पुनरागमन म्हणजे ते काम खाणीपाशी आणणे.

तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश सिंडिकेटने, म्हणजे पुढच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनीने, मध्य प्रांतातील मँगनीजचे खाणकाम वाढवले. १९३३ मध्ये सुरू झालेल्या विशाखापट्टणम बंदरातूनही प्रांताचे मँगनीज बाहेर जाऊ लागले. खणणे, फोडणे, निवडणे आणि वाघिणी भरणे एवढेच इथल्या मजुरांच्या वाट्याला आले. १९६२ मध्ये आजची मॉइल कंपनी स्थापन झाली आणि १९७७ मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली. मालकी परत आली, तरी माल बहुतांशी खनिजाच्याच रूपात विकला जात राहिला.

खरे पाऊल पडले ते डोंगरी बुजुर्गला. या खुल्या खाणीतले मँगनीज डायऑक्साइडचे खनिज बॅटरीच्या सेलच्या उद्योगाला चालते. तिथेच देशी तंत्रज्ञानावर विद्युत-अपघटनी मँगनीज डायऑक्साइडचा कारखाना उभा राहिला. या प्रक्रियेत खनिज भाजून गंधकाम्लात विरघळवतात आणि द्रावणातले लोह व इतर जड धातू काढून टाकतात. गरम द्रावणातून वीज सोडली की धनाग्रावर काळा, टणक थर धरतो. तो ठोकून उतरवायचा, धुऊन त्यातले आम्ल घालवायचे आणि बारीक दळायचा. परक्या धातूचा अंश राहिला तर सेल पडून पडूनच खराब होतो. त्यामुळे इथे घमेले-फावड्याइतकीच प्रयोगशाळेची गरज लागते, आणि स्थानिक तरुणांसाठी हा बदल मोलाचा आहे.

मात्र कारखान्याची क्षमता वर्षाला सुमारे १,५०० टन, म्हणजे लहानच. शिवाय अशा उद्योगात विजेचा खर्च निर्णायक असतो. तुमसरजवळ माणेकनगरला फेरोमँगनीजचा कारखाना होता, तोही बंद पडला. खनिज जवळ असले म्हणजे कारखाना टिकतोच, हा समज त्यामुळे धरता येत नाही.

विजेवरच्या वाहनांच्या काही बॅटऱ्यांना अतिशुद्ध मँगनीज सल्फेट लागते. चीन बरेचसे खनिज बाहेरून आणतो, तरी जगातले बहुतेक अतिशुद्ध सल्फेट तोच तयार करतो. डोंगरी बुजुर्गच्या प्रक्रियेत खनिज आम्लात विरघळले की मँगनीज सल्फेटचेच द्रावण मिळते. ते बॅटरीच्या प्रतीपर्यंत शुद्ध करून त्याचे स्फटिक काढणे, हा तुमसर तालुक्यासाठी पुढचा टप्पा ठरू शकतो.