शनिवारवाड्याची हिरवळ

पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा ओलांडून आंत गेलें म्हणजे प्रथम जें नजरेस पडतें तो वाडा नव्हे, ती बाग होय. खिळ्यांनीं मढविलेलीं तीं प्रचंड दारें पाहून मागें राजवाडा असेल अशी अपेक्षा धरणाऱ्या मनुष्यास समोर दिसतात ती हिरवळ, फुलझाडें, जोत्यांच्या रांगा आणि हजारी कारंज्याचें सोळा पाकळ्यांचें कमळ. आम्हीं हें स्थळ अनेकदां पाहिलें आहे, आणि प्रत्येक खेपेस एकच प्रश्न मनांत आला आहे : या बागेनें इतिहासाचें रक्षण केलें, कीं त्यावर पांघरूण घातलें?

वाड्याची हकीकत थोडक्यांत अशी. पहिल्या बाजीरावानें १० जानेवारी १७३० रोजीं पाया घातला; त्या दिवशीं शनिवार होता. २२ जानेवारी १७३२ रोजीं वास्तुशांति झाली. तट दगडविटांचा असला तरी आंतील इमले मुख्यतः सागवानी लांकडाचे होते. १७ नोव्हेंबर १८१७ रोजीं वाड्यावर इंग्रजांचें निशाण लागलें. पुढें २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं आग लागली, तेव्हां लांकूड जळालें आणि दगड उरले. दरबार कसा भरत असे हें जाणण्यास आज थॉमस डॅनियलच्या १८०५ मधील चित्राकडे वळावें लागतें. सवाई माधवराव व मॅलेट यांची १७९० मधील भेट त्यांत दाखविली आहे. पण तेंहि जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून सिद्ध झालेलें.

जेथें वास्तु उरत नाहीं तेथें गोष्ट वस्तीस येते. मागील खेपेस एक वृद्ध गृहस्थ नातवंडांना घेऊन हिरवळीवर बसले होते. "येथेंच नारायणराव 'काका, मला वांचवा' म्हणून धांवला," ते सांगत होते, "आणि आनंदीबाईनें 'ध' चा 'मा' केला." धाकटी नात म्हणाली, "तो कागद कोठें ठेवला आहे, आजोबा?" आजोबा हंसले. "गोष्ट अशीच आहे, बाळ," एवढेंच त्यांचें उत्तर.

आम्हांस त्या मुलीचा प्रश्न फार मोलाचा वाटला. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं याच वाड्यांत गारद्यांनीं अठरा वर्षांच्या पेशव्याचा वध केला, याविषयीं शंका नाहीं. रामशास्त्री प्रभुणे यांनीं चौकशी करून प्रत्यक्ष राघोबादादांस दोषी ठरविलें, हेंहि मराठी माणसास अभिमान वाटावा असेंच आहे. परंतु 'धरावें' चें 'मारावें' करणारी लेखणी आनंदीबाईची होती, ही हकीकत ग्रँट डफच्या १८२६ मधील इतिहासांत आढळते, आणि तसा बदललेला मूळ कागद आज कोणी दाखवूं शकत नाहीं. तो खरा असूं शकेल, खोटा असूं शकेल. पण एका स्त्रीवर पिढ्यान्‌पिढ्या जो आरोप कायम झाला आहे तो अशा पायावर उभा आहे. न्यायाधीशाचें नांव त्या गोष्टींत येतें न येतें. कैकेयीच्या पंक्तीस बसविलेली बाई मात्र कोणी विसरत नाहीं.

कोणी म्हणेल, फुरसतीच्या वेळीं बागेंत बसलेल्या माणसास पुराव्याची काय मातब्बरी? आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या दारांतून एके काळीं चौकीपहाऱ्यावांचून कोणास जातां येत नसे, त्यांतून आज कोणीहि आंत जातो, हा या स्थळाच्या इतिहासांतील लहान बदल नव्हे. ज्यास वाड्यांत बसावयाचा अधिकार मिळाला त्यास वाड्याविषयीं खरें जाणण्याचाहि अधिकार मिळाला पाहिजे.

या बाबतींत बागेकडूनच धडा घेण्यासारखा आहे. माळ्यानें हिरवळ लावली, पण जोतीं बुजविलीं नाहींत. दालन कोठें संपतें आणि चौक कोठें सुरू होतो, हें चालतां चालतां पायांना कळतें. जळालेल्या मजल्यांचें खोटें अनुकरण कोणी उभें केलेलें नाहीं. गोष्ट सांगणारानेंहि तसेंच वागावें. आजोबांनीं गोष्ट सोडून द्यावी असें आम्ही म्हणत नाहीं. मुलगी विचारील तेव्हां तिला एवढें सांगावें : तो कागद सांपडलेला नाहीं, बाळ, आणि एक न्यायाधीश येथें होता, त्याचें नांव रामशास्त्री.