वकिलावाचून : कॅनडातील गांजाचे खटले आणि चळवळीतील भाऊबंदकी

चळवळींचे इतिहास लिहिणाऱ्यांना अंतर्गत भांडणांची थोडी लाज वाटत असावी. विजयाची तारीख ठळक छापली जाते. आणि आपापसांत कोण कोणाला गद्दार म्हणाले, हे तळटीपेत ढकलले जाते. तेथेही स्पष्टीकरण ठरलेलेच : स्वभाव, अहंकार, नेतृत्वाची हाव. कॅनडात गांजाबंदीच्या कायद्याला न्यायालयात आव्हान देणाऱ्यांचा इतिहास वाचताना मात्र हे स्पष्टीकरण आम्हांला अपुरे वाटले. तेथील भाऊबंदकीला स्वभाव कारणीभूत नव्हता असे नव्हे. परंतु तिचे मूळ न्यायालय नावाच्या संस्थेच्या घडणीत अधिक खोल गेलेले आहे. एकाच्या खटल्याचा निकाल दुसऱ्यावर बंधनकारक होतो, मग तो दुसरा त्या दिवशी न्यायालयात हजर असो वा नसो. अशा ठिकाणी 'मी फक्त माझी बाजू मांडतो आहे' असे कोणालाच खरेपणाने म्हणता येत नाही.

मूळ कायद्याची जन्मकथा साहित्याच्या अभ्यासकांना रोचक वाटेल अशी आहे. एमिली मर्फी या लेखिका आणि दंडाधिकारी. 'जेनी कॅनक' या टोपणनावाने त्या लिहीत. १९२२ साली त्यांचे 'द ब्लॅक कॅन्डल' हे पुस्तक आले. त्यात एक प्रकरण गांजावर होते. पुढच्याच वर्षी, १९२३ मध्ये, कॅनडाने गांजाचा समावेश बंदी घातलेल्या द्रव्यांच्या यादीत केला, तोही संसदेत म्हणण्यासारखी चर्चा न होता. पुस्तकामुळेच बंदी आली काय, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही, आणि आम्हीही त्या वादात पडत नाही. मात्र ज्या कायद्याच्या मागे नोंदलेला युक्तिवादच नाही, त्याच्याशी युक्तिवाद करायचा तरी कसा, हा पेच पुढच्या प्रत्येक आव्हानकर्त्यासमोर उभा राहिला.

१९८२ साली हक्कांची आणि स्वातंत्र्यांची सनद कॅनडाच्या राज्यघटनेचा भाग झाली आणि वाट मोकळी झाली. १९९० च्या दशकात निघालेली तीन प्रकरणे पुढे एकत्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. पहिले केन यांचे : किनाऱ्याजवळ उभ्या केलेल्या गाडीत अर्धवट ओढलेली, अर्ध्या ग्रॅमची एक विडी. दुसरे ओंटारियोतील लंडन या गावी हेंपचे दुकान चालवणाऱ्या क्ले यांचे. तिसरे डेव्हिड माल्मो-लेव्हिन यांचे. पूर्व व्हँकूव्हरमध्ये त्यांनी एक सहकारी क्लब काढला होता. सभासद सुमारे १,८००. नशेत असताना वाहने किंवा अवजड यंत्रे चालवणार नाही, असे वचन सभासदांकडून घेतले जाई. १९९६ च्या डिसेंबरात पोलिसांनी तेथून ३१६ ग्रॅम गांजा जप्त केला. केन यांच्या बाजूने जॉन कॉनरॉय, क्ले यांच्या बाजूने प्राध्यापक ॲलन यंग असे नाणावलेले विधिज्ञ होते. माल्मो-लेव्हिन यांनी मात्र सर्वोच्च न्यायालयातही स्वतःच उभे राहायचे ठरवले.

६ मे २००३ रोजी ते हेंपच्या कापडाचे कपडे घालून, आणि वृत्तपत्रांनी नोंदल्याप्रमाणे गांजाचे सेवन करून, न्यायासनासमोर उभे राहिले. वकिलांना हा प्रकार कसा वाटला असेल याची कल्पना करता येते. ज्यांनी वर्षानुवर्षे वैद्यकीय साक्षी जमवल्या, त्यांच्या शेजारी हा माणूस आपल्या आवडीला लैंगिक कलाप्रमाणेच व्यक्तिमत्त्वाचा अविभाज्य घटक माना, असे म्हणत होता. न्यायालयाने २३ डिसेंबर २००३ च्या निकालात हे म्हणणे फेटाळले. जीवनशैलीच्या प्रत्येक आवडीला घटनात्मक संरक्षण देऊ लागलो तर राज्यकारभारच अशक्य होईल, हा त्याचा आशय; उदाहरणात गोल्फचा नाद आणि जुगाराचे व्यसन हेही आले. इतरांना अपाय होत नसेल तर तुरुंगवासाची शिक्षा असू नये, हे तत्त्वही बहुमताने मूलभूत न्यायाचे तत्त्व म्हणून नाकारले. आर्बर, लेबेल आणि देशां हे तीन न्यायाधीश बहुमताशी सहमत नव्हते.

या प्रकरणात एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. माल्मो-लेव्हिन यांच्या मूळ खटल्यात गांजाच्या अपायाविषयीचा पुरावा न्यायाधीशांनी दाखलच करून घेतला नव्हता. तो पुरावा नोंदला गेला होता केन यांच्या खटल्यात. म्हणजे वकिलावाचून लढणाऱ्याच्या तत्त्वचर्चेला आधार मिळाला तो वकिलाने उभ्या केलेल्या पुराव्याचा. आणि उलट, या स्वतंत्र बाण्याच्या माणसाच्या नावानेच तो निकाल आज ओळखला जातो. पुरावा एकाचा, नाव दुसऱ्याचे! भाऊबंदकीचा अर्थ आपल्याकडे वाटणीच्या भांडणापुरता राहिला असला, तरी भांडण्यासाठी आधी सामाईक वाडा असावा लागतो. येथे तो होता.

स्वतःची बाजू स्वतः मांडण्याविषयी मराठी वाचकाच्या मनात एक आदर आधीपासूनच असतो, तो १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यामुळे. टिळकांनी तेथे अनेक दिवस स्वतःच भाषण केले. परंतु टिळक कायद्याचे पदवीधर होते, आणि ज्युरीइतकेच न्यायालयाबाहेरच्या जनतेसमोरही बोलत होते. कॅनडातील पार्टी-इन-पर्सन मंडळींपैकी अनेकांना यातले पहिले बळ नव्हते, दुसरे तर त्यांनी प्रयत्नपूर्वक मिळवायचे होते. असो.

फुटीची खरी कसोटी लागली ती रुग्णांच्या प्रश्नावर. टेरन्स पार्कर यांना अपस्माराचा विकार होता. ३१ जुलै २००० रोजी ओंटारियोच्या अपील न्यायालयाने त्यांच्या प्रकरणात असे ठरवले की वैद्यकीय गरजेची सोय नसलेली बंदी घटनाबाह्य आहे. मात्र हा निर्णय बारा महिने स्थगित ठेवला. सरकारने बंदीचे कलम संसदेकडून पुन्हा मंजूर करून घेण्याऐवजी मुदत संपता संपता रुग्णांसाठी नियमावली जारी केली. येथून दोन तर्क निघाले. एक : नियमावली सदोष आहे, ती दुरुस्त करा, म्हणजे रुग्णांना औषध मिळेल. दुसरा : नियमावली सदोष आहे, म्हणून बंदीच ३१ जुलै २००१ रोजी मेली, आणि मेलेला कायदा न्यायालयाला जिवंत करता येत नाही, ते काम संसदेचे.

दोन्ही तर्कांची सुरुवात एकाच वाक्याने होते. आणि ७ ऑक्टोबर २००३ रोजी एकाच न्यायालयाने दोहोंचा निकाल एकाच दिवशी दिला. हिट्झिग प्रकरणात ॲलन यंग रुग्णांच्या बाजूने होते. न्यायालयाने नियमावलीतले जाचक भाग काढून टाकले. एका उत्पादकाने एकाहून अधिक रुग्णांसाठी लागवड करू नये, रोप वाढवणाऱ्याने मोबदला घेऊ नये, असे ते नियम होते. रुग्ण जिंकले. पण दोष दूर झाला म्हणजे बंदीही त्या दिवसापासून पुन्हा वैध झाली! विंडसर शहरातील एका अल्पवयीन मुलाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने मान्य केले की मधल्या सव्वादोन वर्षांत गांजा बाळगणे हा गुन्हाच नव्हता. पुढे सरकारने बाळगण्याचे सुमारे ४,००० खटले थांबवले. म्हणजे एका गटाने मिळवलेल्या विजयानेच दुसऱ्या गटाचे दार बंद केले. याला फंदफितुरी म्हणणे सोपे आहे. आमच्या मते ती फितुरी नव्हती. आजारी माणसाला उद्याचे औषध हवे होते आणि दुसऱ्याला कायद्याचा अंत. एका निकालपत्रात हे दोन्ही मावत नव्हते.

मेलेल्या कायद्याचा तर्क ज्यांनी सर्वांत चिकाटीने चालवला ते जॉन टर्मेल पेशाने अभियंते. शंभराहून अधिक निवडणुका लढवून हरल्याबद्दल विक्रमांच्या पुस्तकात नोंद असलेले. वकिलांवरचा त्यांचा अविश्वास जाहीर होता. त्यांनी शोधलेला उपाय लेखनविषयक होता : दाव्याचा तयार मसुदा. कोऱ्या जागी नाव, पत्ता, परवान्याचा तपशील भरायचा आणि न्यायालयात दाखल करायचा. आपल्याकडे कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनविसाची आठवण यावी. पण येथे एक विसंगती आहे, आणि संहितेचा अभ्यास करणाऱ्यांनी तिच्याकडे पाहावे. 'माझी बाजू मीच मांडतो' या घोषणेचे वाक्य दुसऱ्याने लिहिलेले. आवाज शेकडो, संहिता एक. फेडरल कोर्टाने २०१४ साली या दाव्यांकडे तसेच पाहिले. त्यांची एकत्र दखल घेऊन, कॉनरॉय चालवत असलेल्या ॲलार्ड खटल्याचा निकाल लागेपर्यंत ते स्थगित ठेवले. वकील नको म्हणून आलेल्यांचे भवितव्य पुन्हा एका वकिलाच्याच खटल्याला बांधले गेले.

तो खटला रुग्णांनी घरी लागवड करण्याच्या हक्काचा होता. २१ मार्च २०१४ च्या अंतरिम आदेशाने जुन्या परवानाधारकांना संरक्षण मिळाले, पण ठरावीक तारखांना परवाना वैध असलेल्यांनाच, आणि जवळ बाळगायची मर्यादा १५० ग्रॅम. ज्यांचा परवाना आधीच संपला होता, ते बाहेर राहिले. खुद्द ॲलार्डमधल्या चार वादींपैकी दोघांना या आदेशाचा लाभ मिळाला नाही. बाहेर राहिलेल्यांचा संताप आम्हांला समजतो. त्यांच्या दृष्टीने प्रतिपक्ष सरकार होतेच. शिवाय हा तह करणारे आपलेच लोक होते, आणि बाहेर राहिलेल्यांना कोणी विचारलेही नव्हते. वकिलांचे म्हणणेही खोटे नव्हते. हजारो रुग्णांची झाडे वाचत असताना सगळ्यांसाठी अडून बसणे म्हणजे त्या हजारोंना पणाला लावणे.

२४ फेब्रुवारी २०१६ रोजी ॲलार्डचा निकाल रुग्णांच्या बाजूने लागला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये घरच्या लागवडीचे नियम आले. १७ ऑक्टोबर २०१८ रोजी बंदी उठली ती संसदेच्या कायद्याने. प्रौढांना घरटी चार झाडांची मुभा मिळाली. टर्मेल दावे करीतच राहिले. २०२२ साली फेडरल कोर्टाने त्यांना विनाकारण दावे लावणारा पक्षकार ठरवून पूर्वपरवानगीशिवाय दावा करण्यास मनाई केली. क्यूबेक प्रांताने घरच्या चार झाडांनाही बंदी केली होती. ती वैध असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ एप्रिल २०२३ रोजी एकमताने दिला.