ठेकेदाराच्या कामगाराचा अपघात : नगरपंचायत, ग्रामपंचायतीला हात झटकता येतात का?

पाण्याच्या टाकीवरून पडणे, गटार साफ करताना गुदमरणे, पथदिव्याच्या खांबावर शॉक लागणे. असा अपघात झाला की कार्यालयातून ठरलेलं उत्तर येतं : "तो आमचा कर्मचारी नाही, ठेकेदाराचा माणूस आहे." भरपाईच्या बाबतीत कायदा हे उत्तर मान्य करत नाही.

कायदा काय सांगतो?
कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 च्या कलम 12 नुसार, मालकाने आपल्या नेहमीच्या व्यवसायाचं काम ठेकेदाराकडून करून घेतलं, तर ठेकेदाराच्या कामगाराची भरपाई त्या मूळ मालकाकडूनही मागता येते. पंचायत काही धंदा करत नाही, असा मुद्दा इथे काढला जातो. पण याच कायद्याच्या कलम 2(2) मध्ये स्थानिक संस्था व सरकारी खात्यांची कर्तव्यं हाच त्यांचा व्यवसाय मानला आहे. म्हणजे पाणीपुरवठा, साफसफाई, दिवाबत्ती ही कामं त्यात येतात. कार्यालयाने भरलेली रक्कम ते नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकतं. तोवर कुटुंबाने थांबायची गरज नाही.

अट एकच : अपघात कामामुळे, आणि काम चालू असलेल्या किंवा कार्यालयाच्या ताब्यातील जागेवर झालेला असावा.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू झाली आहे. मूळ मालकाची ही जबाबदारी तिच्यातही कायम आहे.

रक्कम किती?
मृत्यू झाल्यास मासिक पगाराच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. 1923 च्या कायद्यानुसार वय 30 आणि पगार 15,000 असेल, तर 7,500 × 207.98 म्हणजे 15,59,850 रुपये होतात. एक महिन्यात रक्कम दिली नाही तर 12 टक्के व्याज लागतं. ईएसआयचं संरक्षण असलेल्या कामगाराला मात्र लाभ ईएसआयकडून मिळतो.

गटारातील मृत्यू
2013 च्या कायद्याने गटार व सेप्टिक टँकमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला स्थानिक संस्थांना बंदी आहे, ठेकेदारामार्फतसुद्धा. अशा मृत्यूसाठी 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये दिला.

स्टॅम्प पेपरवर सही मागितली तर?
थोडे पैसे हातात ठेवून "पुढे काही मागणी नाही" असं लिहून घेतलं जातं. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दबातल आहे. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागते. परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही.

लगेच काय करावं?
• पोलिसांत खबर द्या. पंचनामा व पीएम रिपोर्टची प्रत घ्या.
• हजेरी, पगार जमा झालेलं बँक पासबुक, कामाचे फोटो व मेसेज जपून ठेवा.
• कामाच्या आदेशाची प्रत माहिती अधिकारात मागा.
• ठेकेदार आणि कार्यालय, दोघांनाही लेखी नोटीस द्या. पोच घ्यायला विसरू नका.
• दोन वर्षांच्या आत दावा दाखल करा. कामगार न्यायालयात चौकशी करा.
• वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदारांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.