चौलची निळी खापरं आणि झिलईतले स्फटिक

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालात की चौल लागतं. आज नारळी-पोफळीच्या वाड्या दिसतात, पण ‘पेरिप्लस’मधलं सेमिल्ला आणि अरबांचं सैमूर ते हेच. 916च्या सुमारास अल-मसूदी इथे येऊन गेला होता. डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी इथे उत्खनन केलं. अशा जुन्या बंदरांत साध्या लाल-काळ्या खापरांमध्ये मधूनच एखादं फिरोजी निळ्या झिलईचं खापर सापडतं. आपला प्रश्न असा: ही झिलई इथल्याच एखाद्या कुंभार घराण्याची कशावरून नसेल?

‘बाहेरूनच आली असणार’ हे उत्तर सोपं आहे, आणि बहुतेक वेळा बरोबरही. पण ते सिद्ध कसं करायचं?

झिलई म्हणजे भांड्यावर वितळवलेली काच. वाळूतली सिलिका एकटी वितळायला 1700 अंशांच्या आसपास तापमान लागतं, म्हणून तिच्यात सोडा, शिसं किंवा चुना घालून ते खाली आणतात. इराणी आखाताकडचे कुंभार वाळवंटी झुडपांची राख वापरायचे. तिच्यातल्या सोड्यामुळे तांबं फिरोजी रंग देतं. तेच तांबं शिशाच्या झिलईत हिरवं दिसतं. पण सोड्याची झिलई थंड होताना खूप आकसते. खालची माती तेवढी आकसली नाही तर झिलईला तडे जातात. तिकडची पिवळसर, चुनखडीयुक्त माती तिला बरीच साथ देते. आपली कोकणातली माती जांभ्याची आणि बेसॉल्टची, लोहानं लाल झालेली. शिवाय गावातल्या उघड्या आव्यात तापमान साधारण 700 ते 850 अंश. तेही वर-खाली होणारं. (यात कुंभाराच्या कौशल्याचा कमीपणा नाही. पाणी गार ठेवणाऱ्या माठाला झिलई नकोच असते.)

आता स्फटिकांकडे येऊ. एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये काच नुसता एक पसरट उंचवटा देते, टोकदार शिखरं येतात ती स्फटिकांची. चुनखडीच्या मातीवर सोड्याची झिलई वितळली की दोन्हींच्या सीमेवर डायोप्साइड, वोलॅस्टोनाइट असे कॅल्शियमचे स्फटिक वाढतात. सीमेचा हा पट्टा किती जाड, त्यावरून भट्टी किती वेळ तापली आणि किती सावकाश निवली याचा अंदाज बांधता येतो. म्हणजे भट्टीचा इतिहास भांड्यातच साठवलेला असतो.

स्फटिक मुद्दाम वाढवणं ही गोष्ट मात्र वेगळी. चीनमधल्या सुंग काळातल्या जियान वाडग्यांवरचे ठिपके लोहाच्या स्फटिकांचे. त्यात एप्सिलॉन आयर्न ऑक्साइड हा दुर्मिळ प्रकार असल्याचं 2014मध्ये दाखवलं गेलं. जस्ताच्या सिलिकेटची मोठी, फुलांसारखी नक्षी 19व्या शतकाच्या अखेरीस सेव्ह्र आणि कोपनहेगनच्या कारखान्यांनी हाताशी आणली. भट्टी 1250च्या वर न्यायची, पटकन 1100च्या आसपास उतरवायची आणि तिथेच काही तास धरून ठेवायची. आज आपल्याकडे स्टुडिओत असली भांडी दिसतात ती या परंपरेतली. चौलच्या निळ्या खापराशी तिचं नातं जोडू नका. मोह होतो, कारण दोन्हीकडे शब्द ‘झिलई’च.

या विषयाला हात घालणार असाल तर रुक्षना नानजी यांचं संजाणच्या मृद्भांड्यांवरचं काम (2011) आधी वाचा. फक्त खापरांवर अख्खा प्रबंध कसा उभा राहतो ते कळेल. उपकरण निवडतानाही घाई नको. हातात धरायचं एक्सआरएफ सगळ्यांना आवडतं, पण ते मूलद्रव्यं सांगतं. काच की स्फटिक, हे नाही. सोडियम त्याला जवळजवळ दिसतच नाही. वर खाऱ्या मातीत हजार वर्षं पडलेल्या खापराच्या पृष्ठभागातून सोडियम झिरपून गेलेला असतो, त्यामुळे आकडे आतल्या झिलईचे नसतातच. छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. छेद म्हणजे खापर कापणं, आणि त्यासाठी परवानगी लागते. तो अर्ज पहिल्याच सत्रात टाका.